हशासाठी सोडलेली जागा

एकोणीस सेकंद झाले होते आणि कोणीही हलले नव्हते.

दालनात चाळीसेक माणसे असतील. सहा शिपाई रांगेत खिळलेले. दिवे लावणारा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, एक हात हवेत. रंगभूषा करणारी बाई ओल्या स्पंजसकट थिजलेली. दिग्दर्शक स्वतःच्या बुटांकडे असा पाहत होता, जणू ते आजच कोणीतरी त्याच्या पायांत घातले असावेत. कोणाच्या तरी पोटात गुरगुरले आणि त्या माणसाने अपराध्यासारखी मान खाली घातली. मी तळहात वर धरला होता. तो खाली येईपर्यंत इथे कोणी खोकतसुद्धा नाही.

प्रत्येक दृश्य संपले की मी अशी अर्ध्या मिनिटाची शांतता मागून घेते. आमच्या धंद्यात तिला रूम टोन म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी नंतर बुजवायच्या, तर त्या त्याच खोलीच्या शांततेने बुजवाव्या लागतात. दुसरीकडून आणलेली शांतता कानाला लगेच खुपते. लोकांना वाटते, शांतता सगळ्या सारख्याच. तसे नसते. रिकाम्या खोलीची शांतता कोरडी असते, तिला कडा असतात. माणसे उभी असलेल्या खोलीची शांतता किंचित ओलसर असते, कारण प्रत्येक देह तिच्यातली थोडी पिऊन टाकतो. बावीस वर्षे ध्वनिमुद्रण केल्यावर, हेडफोन लावून आणि डोळे मिटून, माइकखाली किती माणसे आहेत हे मला साधारण सांगता येते.

त्या दुपारी रांगेत सहा शिपाई होते. माझे कान सात म्हणत होते.

मी डोळे उघडून उंटाकडे पाहिले. उंट म्हणजे आमचा बूम धरणारा. लांब दांडीच्या टोकाला माइक लावून तो दिवसभर मान उंचावून उभा असतो, म्हणून हे नाव. पन्नाशीचा, बडबड्या, माझ्याबरोबर पंधरा वर्षे असलेला माणूस. त्याच्याही कानांवर हेडफोन होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता. सहाव्या शिपायाच्या डाव्या बाजूला, जिथे फक्त बराकीच्या सेटची फळ्यांची जमीन होती, तिथे पाहत होता.

तीस सेकंद झाले. मी हात खाली घेतला, आणि चाळीस छात्यांतून एकदम श्वास सुटला. उंट केबल गुंडाळत माझ्या टेबलाशी आला.

“बाई, आजची शांतता जरा भरलेली होती.”

मी म्हटले, हवा दमट आहे. त्याने नुसते “हं” केले, आणि आधीच नीट असलेली केबल पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतली.

चित्रपटाचे नाव ‘अर्धी पलटण’. याच नावाची मालिका एके काळी सहा वर्षे, वर्षातले सात महिने, दर बुधवारी संध्याकाळी लागत असे आणि त्या वेळी रस्ते ओस पडत. सात शिपाई आणि एक हवालदार. त्यांना एका पुलाच्या राखणीला ठेवलेले असते. पुलाखालची नदी केव्हाच आटलेली, आणि युद्ध इतके दूर की त्याच्या बातम्याही उलटसुलट क्रमाने येतात. तोफेत कोंबडी अंडी घालते म्हणून सबंध पलटण तोफेला हात लावत नाही. नकाशा अकरा भाग उलटा धरला जातो आणि तरीही ते प्रत्येक वेळी मुक्कामी पोचतात. सेनापती पाहणीला येतात तेव्हा परवलीचा शब्द न सांगता आल्याबद्दल त्यांना कोंडून ठेवले जाते. तो शब्द पलटणीतही कोणाला आठवत नसतो. मिशांना पीळ देत या सगळ्या सावळ्या गोंधळावर हुकूम सोडणारा तो हवालदार म्हणजे माझे बाबा.

प्रत्येक भागाचा शेवट ठरलेला असे. हवालदार रांग लावायचा. शिपाई उजवीकडून आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सर्वांत शेवटी, डाव्या टोकाला, काडी उभा असायचा. त्याला सेटवर आणि बाहेरही सगळे काडीच म्हणत. गणवेश त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसे. तो म्हणायचा, “सात.” आणि मग एक पाऊल पुढे टाकून, अगदी हळू, “साहेब, एक विचारायचं होतं.” हवालदार छाती फुगवून त्याच्याकडे बघायचा. सगळा पडदा थांबायचा. मग हवालदार टाचेवर गर्रकन वळून, काहीही न बोलता, ताडताड निघून जायचा. काडीच्या अर्धवट उघडलेल्या तोंडावर नामावळी सरकायला लागायची. एकशे ऐंशी भाग झाले; त्याला काय विचारायचे होते ते कोणालाही कळले नाही. शाळेत आम्ही मुले एकमेकांना असेच छळायचो. माझी पाठ फिरवण्याची ढब सर्वांत चांगली होती. ती घरचीच होती.

मालिका याच दालनात, प्रेक्षकांविना, चित्रित होई. हशा नंतर जोडला जाई. त्यामुळे नटांना प्रत्येक विनोदानंतर त्या न झालेल्या हशासाठी जागा सोडावी लागे. तीन-चार आकडे मनात मोजत, चेहरा न हलवता उभे राहायचे. संहितेत तिथे एक छोटे वर्तुळ काढलेले असे. बाबांना ही सवय इतकी जडली की घरीही ते जेवताना काही गमतीचे बोलले की घास हातात धरून, आमच्या डोक्यांवरच्या एका बिंदूकडे पाहत, थांबत. आई म्हणायची, “आता गिळा. हसणारे पुढच्या आठवड्यात येतील.”

नव्या चित्रपटाचे काम घेतले तेव्हा निर्मात्यांनी मला अभ्यासाला मूळ ध्वनिफिती दिल्या. हशा जोडण्यापूर्वीच्या. त्या ऐकणे सोपे नव्हते. एक वाक्य येई, नेमके, धारदार, हसू आणणारे. आणि मग खड्डा. आठ माणसे एका अंधाऱ्या विहिरीच्या काठाशी वाकून, खाली टाकलेल्या दगडाचा आवाज येण्याची वाट पाहत आहेत असे ते ऐकू येई. त्या खड्ड्यांच्या तळाशी एकच बारीक आवाज होता, पुन्हा पुन्हा येणारा. काडीच्या उजव्या बुटाची नाल सैल होती. तो पाऊल टाकी तेव्हा ठक वाजून मागोमाग एक बारीक टिक वाजे. त्या काळचा ध्वनिमुद्रक प्रत्येक वेळी वैतागून म्हणे, तेवढा तो बूट बदला रे. बूट कोणी बदलला नाही. एकशे ऐंशी भागांत ठक-टिक आहे. घराघरांत ती हशाखाली दडून गेली, इतकेच.

चित्रपटात काडी नव्हता. दिग्दर्शक तरुण, अभ्यासू, मृदू बोलणारा. त्याने मला कारण समजावून सांगितले होते: आजच्या प्रेक्षकाला तो विनोद क्रूर वाटेल, एखाद्याला आयुष्यभर उत्तर न देणे यात हसण्यासारखे काय आहे? त्याचे म्हणणे मला पटले होते. म्हणून पलटण सहाजणांची झाली. शेवटच्या दृश्यात मात्र मूळ हवालदार, म्हणजे बाबा, म्हातारपणी त्या बराकीत परततो, रांगेसमोर उभा राहतो, शिपाई आकडे म्हणतात आणि तो म्हणतो, “रांग मोडा. सुट्टी.” टोप्या हवेत उडतात. बाबांच्या वाट्याला एवढेच वाक्य होते. मूळ आठांपैकी तेच एकटे उरले होते.

सहाचा आकडा पलटणीला काही मानवेना. नटांना कवायत शिकवायला एक निवृत्त सैनिक ठेवला होता. आम्ही त्याला मास्तर म्हणत असू. तो रांग लावायचा, आकडे म्हणवून घ्यायचा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि सहाच्या सहा पोरे, कोणी न सांगता, एक आकडाभर थांबायची. मगच त्यांचे खांदे सैल पडायचे.

“सहानंतर कोणाची वाट बघताय, हिरो?” मास्तर ओरडला. “पाहुणे यायचेत का?”

पोरे हसली. पुन्हा आकडे झाले. पुन्हा ती पोकळी. मास्तरने दहा वेळा करवून घेतले. दहाव्या खेपेस सहावा नट, जो चित्रपटाचा नायकही होता, ओशाळून म्हणाला की त्याला राहून राहून वाटते, डावीकडून अजून एक आवाज यायचाय. त्यावर बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण पुढच्या वेळी टिंगल करणारेही थांबलेच. मास्तरने शेवटी हात टेकले आणि दिग्दर्शकाला सांगितले की ते काय ते कात्रीने काढून टाका.

त्याच संध्याकाळी सामान आवरताना मास्तर माझ्यापाशी येऊन उभा राहिला. आपण हे कोणाशी बोलत नाही आहोत, अशा थाटात तो म्हणाला की पंचवीस वर्षे त्याने रांगा लावल्या आहेत. टोकाच्या माणसाचा बाहेरचा हात नेहमी ऐसपैस असतो, कारण त्या बाजूला कोणी नसते. “तो हिरो बघा. डावं कोपर अंगाशी चिकटवून उभा राहतो. शेजारच्याला लागू नये म्हणून राहतात ना, तसा.”

घरी गेले तेव्हा बाबा आरशासमोर गणवेशात उभे होते. वेशभूषेकडून तो आदल्या दिवशीच आला होता. कमरेला सैल, पोटाला घट्ट. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. गुडघे दुखतात, आवाज अजून खणखणीत आहे. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल, जेवलीस का याच्या पलीकडे, फारसे काही विचारले नव्हते. त्या दिवशी आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारले, रूम टोन घेतलास का, आणि कसा होता.

“जरा ओलसर होता,” मी म्हटले.

त्यांनी टोपी काढून पलंगावर ठेवली. “उभा आहे मग अजून.”

मला कळले नाही असे मी दाखवले असते. पण ते खाली बसले आणि त्यांनी सगळे सांगून टाकले, भिंतीकडे पाहत, एखादी जुनी संहिता वाचावी तसे. मालिका एका दुपारी अचानक बंद झाली. जेवणाच्या सुट्टीत वरून हुकूम आला. शेवटचा भागही घेऊ दिला नाही. माणसे रडत होती, मिठ्या मारत होती, खिळे उपटत होती. बाबा कपडे बदलायला निघाले होते. बोळात काडीने त्यांना गाठले. तो अजून गणवेशात होता. म्हणाला, “दादा, दोन मिनिटं थांबतोस?” आजूबाजूला दिवेवाले होते, शिंपीणबाई होत्या, सगळ्यांचे डोळे सुजलेले. काडी हवालदारासमोर उभा आहे हे पाहताच कोणीतरी फिसकन हसले. सगळे थबकून बघू लागले. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होते, आणि ते व्हायला हवे होते. त्या दिवशी हसायला तेवढेच उरले होते.

“माझ्या टाचांनी ठरवलं,” बाबा म्हणाले. “मी नाही.”

ते गर्रकन वळले आणि ताडताड निघून गेले. मागे टाळ्या पडल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या पाठ फिरवण्यावर खरा, जिवंत हशा झाला होता. काडीही हसला, असे नंतर कोणीतरी सांगितले. बाबा जिन्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला की काडी ‘साहेब’ म्हणाला नव्हता. ‘दादा’ म्हणाला होता. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की उद्या फोन करू.

उद्या काडी नव्हता. परवाही नाही. त्याच्या खोलीला कुलूप होते, गणवेश परत आलेला नव्हता, बूटही नाहीत. तो कुठेच सापडला नाही. जिवंत नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही अवस्थेत नाही. महिन्याने त्याची बहीण आमच्या घरी आली होती. हा भाग मला सांगावा लागला नाही. मी तेरा वर्षांची होते, दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होते. ती आत आली नाही. तिने एवढेच विचारले, “तो म्हणाला होता, दादाला विचारतो आणि मग काय ते ठरवतो. काय विचारलं त्यानं?”

बाबांनी सांगितले, मला माहीत नाही.  पाणी न पिता ती जिना उतरून गेली. तेव्हा मला वाटले होते की बाबांना ठाऊक आहे आणि ते लपवत आहेत. ठाऊक नसणे इतके जड असू शकते हे त्या वयात कोणाला कळते?

एकतीस वर्षे बाबांनी त्या दालनात पाऊल टाकले नव्हते. मालिकेच्या आठवणी सांगायला बोलावणी आली, सत्कार ठरले. प्रत्येक वेळी गुडघ्यांचे निमित्त झाले. या चित्रपटाला मात्र त्यांनी फोनवरच होकार दिला होता, दृश्य काय ते न विचारता, फक्त जागा विचारून. मला तेव्हा नवल वाटले होते.

“बाबा,” मी म्हटले, “त्यांना तुमच्याकडून चारच शब्द हवे आहेत. रांग मोडा, सुट्टी.”

“तीन आहेत,” ते म्हणाले, आणि घास हातात धरल्यासारखे थांबले. जागा सोडून झाल्यावर पुढे म्हणाले, “तेही म्हणेन की. पण रांग मोडायची, तर आधी ती पुरी लागायला नको? मला त्याला विचारायचंय, पोरी. एवढं एकदा विचारायचंय.”

मी दिग्दर्शकाला काही सांगितले नाही. सांगण्यासारखी सोय नव्हती. शेवटच्या दृश्यासाठी एकच दुपार होती; दुसऱ्या दिवशी सकाळी सेट उतरणार होता आणि त्यानंतर दालनच पाडायचे होते. भिंतींवरचे गोणपाट, ज्याने सहा वर्षांचे आवाज आणि सहा वर्षांच्या शांतता शोषून ठेवल्या होत्या, ते कोणीतरी चाकूने टराटरा ओढून काढणार होते. शिवाय दिग्दर्शकाने मला अगदी आदराने आधीच सुचवून ठेवले होते की सर थकलेत, वाक्य चुकले किंवा काही भलतेच बोलले तरी हरकत नाही. जुन्या ध्वनिफितींवरून त्यांचा आवाज यंत्राने बनवता येतो, तोंड हलले की झाले. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नव्हते. बाबांनी ठरलेल्यापेक्षा एक शब्द जास्त उच्चारला तर ‘कट’ होईल, आणि मग त्यांची गरजच उरणार नाही.

ठरलेल्या दिवशी दुपारी अडीच वाजता बाबा दालनात आले. सगळे उठून उभे राहिले. मास्तरने कडक सलाम ठोकला आणि बाबांनी, सवयीने, तो चुकीच्या हाताने परत केला. मालिकेतला हवालदार तसाच करी. हशा झाला. खरा. बाबांनी त्या हशासाठी जागा सोडली नाही. ते रांगेच्या डाव्या टोकाकडे पाहत होते.

दिवे लागले. उंटाने दांडी उचलली. मी हेडफोन चढवले आणि जग नेहमीप्रमाणे जवळ आले: गणवेशांची सळसळ, कोणाच्या तरी घशातला आवंढा, बाबांच्या छातीतली बारीक शिट्टी. दिग्दर्शकाने खूण केली.

बाबा चालत आले. फळ्या वाजल्या. ते रांगेसमोर थांबले आणि त्यांनी आकडे मागितले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

आणि ती पोकळी आली. संहितेप्रमाणे बाबांनी तिथेच बोलायचे होते. ते बोलले नाहीत. एक आकडा गेला, दोन गेले. माझ्यासमोरच्या मापकाची सुई, जी अशा वेळी तळाशी निजलेली असते, केसभर उचलली गेली आणि तशीच राहिली. कोणीतरी बोलण्यासाठी श्वास आत घेतो, तेव्हा ती अशी उचलली जाते. सहाव्याने डावे कोपर आणखी अंगाशी ओढले. त्याच्या कपाळावर घाम होता.

बाबा हलले. सहाव्याला ओलांडून ते त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन उभे राहिले. संहितेत हे नव्हते. कॅमेरावाल्याने गोंधळून वर पाहिले. दिग्दर्शकाचे तोंड उघडले. त्याचा हात कट म्हणण्यासाठी वर जायला लागला.

मी तळहात वर केला.

असे मी या आधी कधीही केले नव्हते, आणि तसे करायचे ठरवलेही नव्हते. हाताने ठरवले. पण त्या दालनात वर गेलेल्या माझ्या तळहाताचा एकच अर्थ होता, आणि तो दोन महिन्यांत सगळ्यांच्या हाडीमासी खिळला होता. चाळीस माणसे होती तिथे थिजली. दिग्दर्शकाने हात अर्ध्यावर तसाच ठेवला, ओठ मिटले आणि स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. उंटाने मात्र दांडी अलगद फिरवली. माइक बाबांच्या डोक्यावरून सरकून, त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर जिथे आला असता, तिथे येऊन थांबला.

मी सेकंद मोजत होते. आठ. नऊ. बाबांची मान किंचित वर होती. काडी त्यांच्याहून चार बोटे उंच होता. हवालदाराचा फुगवलेला ऊर आता उतरला होता. गणवेशात नुसता एक म्हातारा माणूस उभा होता.

“काडी,” ते म्हणाले. “थांबलोय बघ.”

सुई थरथरली. माझ्या दोन्ही कानांत, अगदी जवळ, कोणाचे तरी कोरडे ओठ विलग होण्याची चाहूल आली. एवढीशी. मी एक हात वर धरलेला, दुसरा हेडफोनवर दाबलेला. माझा स्वतःचा श्वास मला नकोसा झाला.

चौदा. पंधरा. बाबा आणखी थांबले. त्यांच्याइतकी नेमकी जागा सोडणारा नट मी पाहिलेला नाही. हशा जितका मोठा अपेक्षित, तितकी मोठी जागा ते सोडत. ही एकतीस वर्षांची होती.

“त्या दिवशी काय विचारायचं होतं तुला?” त्यांनी विचारले. आवाज हवालदाराचा नव्हता, नटाचाही नव्हता. जेवताना मीठ मागावे तितका साधा होता. “सांग. मी कुठं जात नाही.”

एकोणीस. वीस.

मग फळीवर एक टाच फिरली. गर्रकन, जशी मी शाळेत फिरवायचे, जशी बाबांनी एकशे ऐंशी वेळा फिरवली होती आणि एकदा जास्तीची. बाबा हलले नव्हते. रांगेतले कोणी हलले नव्हते. ठक, टिक. ठक, टिक. पावले बराकीच्या फळ्या ओलांडून दालनाच्या सिमेंटवर उतरली आणि त्यांचा आवाज कोरडा झाला. उंटाने, डोळे गच्च मिटून, कोणत्याही नटाच्या मागे न्यावी तशी दांडी त्यांच्या मागे नेली; माइक रांगेवरून, दिव्यांच्या मधून, बंद दाराच्या दिशेने हळूहळू सरकत राहिला, आणि माझ्या कानांत ठक-टिक लांब, आणखी लांब जात राहिले.